तहान भागते, शंका फिटते

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं टेबलावर पसरून बसलोय. बाहेर बेळगावचा पाऊस, आत चहा. दोन पत्रांवर चहाचे डाग पडलेत, त्यांच्या धन्यांनी माफ करावं. यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं इंग्रजीतल्या अवघड शब्दांविषयी आलीत, म्हणून हे सदर त्यांनाच देऊन टाकलं.

नव्या वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं की मी प्राध्यापक नव्हे. कोर्टाच्या आवारात चौतीस वर्षं टाइपरायटर घेऊन बसलो. अर्ज, ॲफिडेव्हिट, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं. पक्षकार मराठीत सांगायचा, कारकून कानडीत विचारायचा आणि माझ्या यंत्रातून कागद इंग्रजीत निघायचा. माझं इंग्रजी तिथलं आहे. सूट घातलेलं नाही, पण पायात चप्पल आहे.

*

"काका, मी मराठी माध्यमातली. बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा देतेय. रोज पन्नास इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करते, दोनशे पानी वही भरली. पण आठवड्यात सगळं पुसलं जातं. जे राहतं तेही दगा देतं. 'अलीव्हिएट', 'अलेय', 'अस्वेज', 'प्लेकेट' या चौघांपुढे माझ्या वहीत एकच अर्थ आहे, 'शांत करणे, कमी करणे'. परीक्षेत गाळलेल्या जागी नेमका चुकीचा भरला. माझं कुठं चुकतंय?" (एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका)

पोरी, तुझं काही चुकत नाही. चुकतेय ती वही. तू एका पानाची झेरॉक्स पाठवलीस ते बरं केलंस. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी शब्द. अक्षर देखणं आहे. पण ते मधलं बरोबरचं चिन्ह आहे ना, तेच खोटं बोलतंय.

इंग्रजी क्षणभर बाजूला ठेव. तुला तहान लागली की पाणी पिऊन ती भागते. भूक शमते. ताप उतरतो. राग निवळतो. शंका फिटते. आणि लग्नात मानपानावरून रुसलेल्या आत्याची समजूत घालावी लागते. आता समज, कोणी परका माणूस मराठी शिकायला आला आणि त्याने वहीत लिहिलं : भागणे, शमणे, उतरणे, निवळणे, फिटणे, पाचांचा अर्थ 'कमी होणे'. मग तुमच्या सोप्यात बसून तो म्हणाला, "माझी तहान उतरली, ताप फिटला आणि शंका भागली." व्याकरणात चूक नाही. अर्थही कळतो. तरी तुझी आजी पदर तोंडाला लावून हसेल की नाही?

तुझ्या चार शब्दांचं अगदी असंच आहे. 'अलीव्हिएट' हा दुखण्याचा, दारिद्र्याचा, गर्दीचा सोबती. त्याच्या पोटात लॅटिन 'लेविस' आहे, म्हणजे हलका. ओझं हलकं होतं, पण डोक्यावरून उतरतंच असं नाही. डोकेदुखीची गोळी दुखणं अलीव्हिएट करते, रोग बरा करत नाही. 'अलेय' भीती आणि संशयाबरोबर जातो, म्हणजे आपलं शंका फिटणं. बँकेबद्दल अफवा उठल्यावर मॅनेजर ठेवीदारांची भीती 'अलेय' करतो. 'अस्वेज' मनाच्या टोचणीला, दुःखाला, कधी भुकेला लागतो. त्याच्या मुळाशी लॅटिन 'स्वाविस', गोड. आपला संस्कृत 'स्वादु' त्याचाच चुलतभाऊ. आणि 'प्लेकेट' होतो तो माणूस, दुखणं नव्हे. चिडलेला ग्राहक, खवळलेला जमाव, कोपलेला देव. म्हणजे रुसलेली आत्या. राहिली तहान, तिला 'क्वेंच' हा पाचवाच शब्द लागतो.

तेव्हा वहीत 'अलेय बरोबर कमी करणे' असं लिहू नकोस. 'अलेय : भीती, संशय' असं त्याच्या सोबत्यांसकट लिही आणि खाली एक पुरं वाक्य उतरवून घे, तेही स्वतः रचलेलं नव्हे, छापून आलेलं. फर्थ नावाच्या इंग्रज भाषापंडिताने १९५७ साली लिहून ठेवलंय की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्याकडे मुलीला स्थळ बघताना घरचे हेच करतात. मुलगा कसा आहे ते त्याला विचारत नाहीत, तो कुणात बसतो-उठतो ते विचारतात.

हे मी पुस्तकात वाचून नाही शिकलो, भर कोर्टात शिकलो. कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका वकीलसाहेबांनी जमिनीच्या दाव्याचा मसुदा हाताने लिहून दिला होता. त्यात शब्द होते 'डिसइंटरेस्टेड विटनेस'. मी आदल्याच रात्री एका शब्दपुस्तकात वाचलेलं : इंटरेस्ट म्हणजे आवड, आवड नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. वाटलं, साहेबांचा हात घसरला. मोठ्या दिमाखात सुधारून टाकलं. दोन कार्बन घालून तीन प्रती काढल्या.

झालं काय, तर मूळ शब्दाचा अर्थ होता 'त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध नाही असा निःपक्ष साक्षीदार'. मी त्याचा केला 'कंटाळलेला साक्षीदार'. समोरच्या वकिलाने तेवढी ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, साक्षीदाराला आधी चहा पाजा, मग उलटतपासणी घेतो. आमचे वकीलसाहेब बाहेर आले. ओरडले नाहीत. कागद माझ्या टाइपरायटरवर ठेवला, 'इंटरेस्ट' या अक्षरांखाली नखाने रेघ ओढली आणि विचारलं, "बँकेत ठेवीवर मिळतं त्याला काय म्हणतोस?" व्याज म्हणतो. म्हणजे पैशाचा संबंध, लागाबांधा. तिथे इंटरेस्ट म्हणजे आवड नव्हेच. त्या दिवसाची मजुरी गेली. कार्बनच्या प्रतीवरची ती नखाची रेघ मला अजून दिसते. (आजकाल इंग्रज लोकही 'डिसइंटरेस्टेड' कंटाळलेल्याला लावतात. पण परीक्षेत हा फरक हमखास विचारतात, म्हणून तू धरून राहा.)

आता विसरण्याचं. जर्मनीत एबिंगहाउस नावाचा एक हट्टी माणूस होता. त्याने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि किती टिकतं ते मोजत बसला. १८८५ साली त्याने ते छापलं. तासाभरातच निम्म्याहून जास्त पाठांतर वाहून जात होतं. पण एका बैठकीत शंभरदा घोकण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी जास्त टिकते, हेही त्यालाच दिसलं. तू रोज पन्नास नवे शब्द घेतेस, म्हणजे जुन्यांकडे वळायला सवडच नाही. रोज सातच घे.

आणि तीन रिकामे कुंद्याचे डबे घे. हसू नकोस. लाइटनर नावाच्या पत्रकाराने १९७२ साली सांगितलेली युक्ती आहे ही, डबे तेवढे आपल्या गावचे. शब्द चिठ्ठीवर लिहायचा. पुढच्या बाजूला वाक्य, त्यात शब्दाची जागा कोरी. मागे शब्द. पहिला डबा रोज उघडायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा फक्त रविवारी. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या डब्यात. नाही आठवला तर, ती तिसऱ्या डब्यापर्यंत पोचलेली का असेना, परत पहिल्यात. माझ्या नातीने केलं. पहिल्या आठवड्यात तिने तिन्ही डबे कुंद्यासकट मागितले, तो भाग वेगळा.

शब्द कुठले घ्यायचे? बाजारातल्या यादीत 'पल्क्रिट्यूड'सारखे नग असतात. अर्थ सौंदर्य, पण ऐकायला एखादा त्वचारोग. चौतीस वर्षांत मी तो एकदाही टाइप केला नाही. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांतून आणि लेखांतून ५७० शब्दकुळांची यादी काढली. अशा लेखनातला साधारण दहावा हिस्सा त्या शब्दांनीच भरतो. 'कन्सिस्टंट', 'ॲम्बिग्युअस', 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असले साधे दिसणारे, पण कामाचे. आधी ते. पल्क्रिट्यूड नोकरी लागल्यावर.

*

"मी सोसायटीत सेक्रेटरी आहे. आमच्याकडे पीककर्ज 'सँक्शन' होतं म्हणजे मंजूर होतं. पण पेपरात अमक्या देशावर 'सँक्शन्स' लावले म्हणजे त्याची अडवणूक केली. एकच शब्द देतो पण आणि अडवतो पण?" (अथणी)

मूळ लॅटिन शब्द कायद्याचा. कायद्याने शिक्कामोर्तब केलं की मंजुरी, कायदा मोडल्याबद्दल भोगायचं ते निर्बंध. दोन्ही एकाच दाराने बाहेर आले. ओळखायची खूण अशी : क्रियापद असेल तर बहुतेक वेळा 'मंजूर करणे' आणि अनेकवचनी नाम देशांच्या बातमीत आलं तर 'निर्बंध'.

असाच दुसरा 'ओव्हरसाइट'. समितीचा ओव्हरसाइट म्हणजे देखरेख. आणि आमच्या विलंब माफीच्या अर्जात 'ड्यू टू ओव्हरसाइट' म्हणजे नजरचुकीने. देखरेख करायची तीच नजर, आणि चुकली तीही तीच.

पण साहेब, तुम्हाला याचं नवल वाटावं याचंच मला नवल वाटलं. तुमच्याच सोसायटीत शेतकरी जमिनीचा उतारा घेऊन येतो. त्याच्या पोराला परीक्षेत उतारा वाचून उत्तरं लिहायची असतात. म्हातारी दृष्ट लागली म्हणून भाकरीचा उतारा टाकते. गाडी उताराला लागते. साप चावला तर उतारा द्या म्हणतात. कुणाचा कधी घोटाळा झालाय? आणि उलटसुलट अर्थाचं म्हणाल तर देवळात आपण नारळ 'वाढवतो'. फोडतो म्हणायचं नाही. हातातली काकणं फुटली की 'वाढवली'. पगार वाढवला आणि नारळ वाढवला, एकात भर, एकात दोन तुकडे. ज्याला हे आईच्या दुधाबरोबर येतं त्याने सँक्शनला काय भ्यायचं!

*

"मुलगा इंग्रजी शाळेत नववीला. 'बिगिन' लिहीत नाही, 'कमेन्स' लिहितो. 'आस्क' नाही, 'इन्क्वायर'. सर म्हणतात भारी शब्दांना मार्क जास्त. खरं काय?" (निपाणी)

लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' लिहितात. म्हणून कोणी किराणा दुकानात जाऊन 'आपले येथे श्रीकृपेकरून तूरडाळ आहे काय' असं विचारतं का?

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढं बराच काळ दरबार, कोर्ट, कचेरी फ्रेंचमध्ये चालली. शेतात-चुलीपाशी इंग्रजी राहिली. म्हणून 'बिगिन' घरचा आणि 'कमेन्स' दरबारी. आपल्याकडे पाणी आणि जल आहे, तसंच. कागदोपत्री दोन्ही गोटांना कळावं म्हणून जोड्याही लागल्या. मृत्युपत्रावर मी आयुष्यभर 'विल अँड टेस्टमेंट' टाइप केलं, त्यातला विल इंग्रजांचा, टेस्टमेंट लॅटिनकडचा, अर्थ तोच. आपले 'रीतिरिवाज' बघा : रीत संस्कृतातली, रिवाज अरबी. बाजारहाट म्हणा, मानमरातब म्हणा, त्याच गाडीतले.

मुलाला सांगा, दोन्ही शब्द येऊ देत, पण 'आईने जेवायला सुरुवात केली' याला 'कमेन्स' लावू नकोस. कोर्टाची कारवाई कमेन्स होते, आईचं जेवण नाही. मार्कांचं म्हणाल तर पेपर मी तपासत नाही.

*

"'इन' लागला की नकार, असं शिकलो. मग 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल का नाही? आणि हायवेवर टँकरच्या मागं 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं, म्हणजे पेटणार नाही असं समजून मित्र त्याच्या मागं बिडी ओढत उभा होता!" (शहापूर, बेळगाव)

मित्र अजून आहे ना? तो टँकर पेट घेणाराच होता. त्याला आधी तिथून हलवा, मग पुढचं वाचा.

'इन्व्हॅल्युएबल'ला मराठीत जो शब्द आहे तो 'अमूल्य'. त्यातला 'अ' काय करतो? मूल्य नाही असंच म्हणतो ना? पण अर्थ होतो, मूल्य करताच येणार नाही इतकं मोलाचं. शब्दाची बांधणी हुबेहूब तीच. तुम्ही शाळेत 'अमूल्य'ला अडखळला नाहीत, मग त्याच्या इंग्रजी भावाला कशाला? गंमत म्हणजे 'प्राइसलेस' अमूल्य आणि 'वर्थलेस' कवडीमोल. शेपूट एकच, जनावरं वेगळी.

'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नव्हेच. तो 'आत' या अर्थाचा आहे. 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे, त्यावरून चटकन पेटणारं. तुमच्या मित्रासारखी गैरसमजूत खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचीही व्हायची, म्हणून पुढं 'इन' छाटून नुसता 'फ्लेमेबल' चालू झाला. पुणे-बंगळूर रस्त्यावर आता दोन्ही दिसतात. अर्थ एकच, लांब उभं राहा.

तिसरा 'इन्फेमस'. फेमस नसलेला नव्हे. चांगलाच फेमस, पण वाईट कामासाठी. कुप्रसिद्ध.

तरीही उपसर्ग आणि धातू शिकणं सोडू नका, त्यात आपला फायदा मोठा आहे. 'बेने' म्हणजे भलं, 'माले' म्हणजे वाईट, 'वोल' म्हणजे इच्छा. 'बेनेव्होलंट' भलं चिंतणारा, 'मालेव्होलंट' वाईट चिंतणारा. आपला 'सु' आणि 'दुर्'. पण माझं आवडतं उदाहरण बैलाच्या मानेवरचं आहे. तुम्ही विणकरांच्या पेठेतले, पण येळ्ळूरच्या शेतात जू पाहिलं असेल. संस्कृत 'युग', इंग्रजी 'योक', लॅटिन 'युगुम' आणि आपलं जू, चारही एका मुळाचे. आता 'सबज्युगेट' बघा, जोखडाखाली आणणे, गुलाम करणे. आणि 'कॉन्ज्युगल' म्हणजे वैवाहिक. दोघांना एका जुवाला जुंपलं! हे मी घरात सांगितलं तेव्हा सौ. म्हणाली, यात नवीन काय, मला चाळीस वर्षं माहीत आहे.

*

"मी हायस्कूलला शिकवते. मुलांना इंग्रजी-मराठी शब्दकोश द्यावा की इंग्रजी-इंग्रजी?" (चिकोडी)

बाई, दोन्ही, पण रांगेने.

आपल्या भागातल्या जुन्या मोठ्या कोशांचा इतिहास उलट्या दिशेचा आहे. मोल्सवर्थ कंपनीच्या फौजेतला. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. किट्टेल पाद्रीसाहेबांचा कानडी-इंग्रजी कोश १८९४ चा. दोन्ही अफाट कामं. पण ती मुळात साहेबाला आपली भाषा कळावी म्हणून. आपल्याला साहेबाची भाषा शिकायची, ती गरज वेगळी. ती ओळखली हॉर्न्बी नावाच्या मास्तराने. तो जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा. परक्या विद्यार्थ्याला अर्थ तर हवाच, पण शब्द वाक्यात कसा बसतो तेही हवं, हे त्याला वर्गात दिसलं. त्याचा कोश १९४२ साली जपानमध्येच निघाला. आज बाजारात 'लर्नर्स' म्हणून जे कोश मिळतात ते त्याच घराण्यातले. सोपी व्याख्या आणि खाली दोन वाक्यं. मोठ्या मुलांना तोच द्या.

मात्र कर्मठपणा नको. 'फेन्युग्रीक' शब्द मुलाने इंग्रजी कोशात पाहिला तर 'शेंगावर्गातली एक वनस्पती, सुगंधी बिया' असलं काहीतरी वाचून तो रानोमाळ हिंडेल. मराठीत एक शब्द, मेथी. 'ॲसाफेटिडा' म्हणजे हिंग. झाडं, भाज्या, हत्यारं, मासे यांना सरळ मराठी. 'रिलक्टंट', 'ॲम्बिव्हलंट' असल्या मनाच्या शब्दांना मात्र आधी इंग्रजी वाक्य. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, पण काम करतो, कुरकुरत करतो. 'ॲम्बिव्हलंट'ला एकाच वेळी हवंही असतं आणि नकोही. हा फरक मराठीच्या एकेका शब्दात मावत नाही. तो सांगायला तुम्ही वर्गात आहातच.

*

"वाचून शिकलेले शब्द बोलताना उच्चार चुकतात. लोक हसतात." (गोकाक)

हसू देत. मी 'इन्डाइट' हा शब्द, म्हणजे आरोप ठेवणे, शेकडो वेळा टाइप केला असेल. स्पेलिंगमध्ये 'टी'च्या आधी 'सी' आहे, म्हणून मोठ्याने वाचताना वर्षानुवर्षं 'इन्डिक्ट' म्हणत होतो. तो 'सी' मागाहून लॅटिनच्या प्रेमापायी घुसडलेला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी'ही तसलाच पाहुणा. बोलताना दोघांनाही दाराबाहेर ठेवायचं.

आणखी चार सांगतो : नमुनेदार उदाहरण ते 'एपिटमी', 'एपिटोम' नव्हे. अतिशयोक्ती ती 'हायपर्बली', 'हायपरबोल' नव्हे. वाकडं गेलेलं ते 'अराय'. मी त्याला 'ऑरी' म्हणायचो, कोण्या साहेबाचं आडनाव असल्यासारखं. आणि फौजेतला 'कर्नल' तर आपल्या कॅम्पातल्या पोरालाही येतो, स्पेलिंग मात्र कुणालाच येत नाही. मोबाइलवरच्या कोशात शब्दाशेजारी कर्ण्याचं चित्र असतं, ते दाबा. आम्हाला कर्णा नव्हता, वकील होते.

*

"या भागात मराठीसाठी माणसं झिजली. मराठी पाट्यांसाठी, मराठी शाळांसाठी उभा जन्म गेला. आणि तुम्ही मराठी मासिकात इंग्रजी शब्दांचं दुकान मांडलंय. लाज वाटते." (एक ज्येष्ठ वाचक, बेळगाव)

आजोबा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. राग खरा आहे आणि मला तो मान्य आहे. माझ्या गल्लीतल्या मराठी शाळेच्या एका वर्गात पूर्वी साठ पोरं बसायची, आता किती बसतात ते तुम्हीही जाणता.

पण तुमच्याच पत्रात तुम्ही पगार, चावी आणि तुरुंग हे शब्द लिहिलेत, ते तिन्ही पोर्तुगीजांकडून आले. गोवा आपल्याला किती लांब! अर्ज आणि कागद फारसी-अरबी वाटेने आले. सही करताना नावापुढे तुम्ही 'अण्णा' लावलंय, ते कानडीचं देणं. आणि आपणही दिलंय की. इंग्रजांचा 'मंगूस' हा आपलाच मुंगूस. टिळकांनी १९१६ साली याच बेळगावात होमरूल लीग काढली, तेव्हा 'होमरूल' साहेबाच्या भाषेतला घेतला आणि 'स्वराज्य' आपला ठेवला. दोन्ही शब्द खिशात असलेल्या माणसाला साहेब जास्त भ्यायचा.

एक सांगतो, इकडची पोरं शब्दांना पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा जास्त सावध असतात. त्यांना सावध राहावंच लागतं. मराठीत 'अभ्यास' म्हणजे शिकणं, कानडी शेजारी 'अभ्यास आहे' म्हणतो तेव्हा बहुधा सवय आहे असं म्हणतो. आपला 'अवसर' म्हणजे संधी, कानडीत घाई. 'प्रपंच' आपल्याकडे घरसंसार, तिकडं अख्खं जग. हिंदीच्या तासाला 'उपन्यास' कादंबरी असते, कानडी कॉलेजात व्याख्यान. चेहरा ओळखीचा म्हणून माणूस तोच असेलसं नाही, हे आमच्या पोराला दहाव्या वर्षी बाजारात कळतं. इंग्रजी शब्द शिकायला याहून चांगली तालीम कुठली? मी मराठी सोडा म्हणत नाही. खानापूरच्या मुलीला वर जे उत्तर दिलंय ते तहान, ताप आणि आत्या यांच्याशिवाय देताच आलं नसतं. तुम्ही पुढच्या वेळी या भागातले विसरत चाललेले मराठी शब्द पाठवा. पुढचा अंक त्यांना देतो, हा माझा शब्द.

*

"मित्रांवर छाप पडेल असा एकच कडक शब्द सांगा. वापरता आला पाहिजे." (कॉलेज विद्यार्थी, संकेश्वर)

घे. 'डीफेनेस्ट्रेशन'. कुणाला किंवा कशाला खिडकीतून बाहेर फेकणे. लॅटिनमध्ये 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. १६१८ च्या मे महिन्यात प्रागच्या किल्ल्यात खवळलेल्या सरदारांनी बादशहाचे दोन कारभारी आणि त्यांचा एक चिटणीस असे तिघे खिडकीतून खाली टाकले. तिघेही वाचले. त्यावरून पेटलेलं युद्ध मात्र तीस वर्षं चाललं.

वापरायचा कसा म्हणशील तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या मांजराने माझ्या चष्म्याचं डीफेनेस्ट्रेशन केलं. पहिल्या मजल्यावरून. खाली शेजारच्या वहिनींनी साडीवर पापड वाळत घातले होते, त्यामुळे चष्मा वाचला. वहिनी प्लेकेट व्हायला चार दिवस लागले.